वस्तीतील रस्ते, वाहनांचा वेग आणि लोकमत

गावात डांबरी रस्ता आला की गावकऱ्यांना आनंद होतो. एस. टी. वेशीपर्यंत येते, शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचतो, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे सोपे होते. थोड्याच दिवसांत त्याच गावकऱ्यांचा दुसरा अर्ज पंचायतीकडे येतो. वाहने भरधाव जातात, मुलांच्या जिवाला धोका आहे, तरी शाळेसमोर गतिरोधक बसवावा, अशी त्यात विनंती असते. गतिरोधक झाला की काही महिन्यांनी तिसरा अर्ज येतो. गतिरोधकामुळे कंबरेचे विकार जडत आहेत, रात्री मालमोटारींच्या दणक्याने झोप लागत नाही, तरी तो काढून टाकावा, असे या अर्जात म्हटलेले असते.

नगरपालिकांच्या हद्दीत यापेक्षा निराळे चित्र नाही. एका आळीला गतिरोधक हवा असतो, शेजारच्या आळीला तो नको असतो. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याचे मत एक, तर त्याच रस्त्याने रोज कामावर जाणाऱ्याचे मत दुसरे. हे अर्ज परस्परविरोधी दिसले तरी प्रत्येकामागे खरी अडचण असते. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ तक्रार म्हणून न पाहता त्यामागील शास्त्र, नियम आणि अन्यत्र आलेला अनुभव समजून घेणे लोकप्रतिनिधी, अधिकारी व शिक्षक या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

वेग आणि जीव

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमध्ये साधारणतः एक जण कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता, तो पायी चालत होता. यातील बरेच मृत्यू महामार्गांवर होतात, हे खरे. तथापि महामार्गही अनेक ठिकाणी वस्तीतून जातो, आणि वस्तीतील आतल्या रस्त्यावर तर मुले, वृद्ध, गुरे व सायकलस्वार यांचा वावर अखंड असतो.

वेगात थोडीशी वाढ झाली तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर कापते. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्याच अवधीत जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. रस्त्यात अचानक मूल आले, तर चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर व ब्रेक चांगले असताना ३० च्या वेगाचे वाहन एकूण १३ मीटरच्या आसपास थांबते. ५० च्या वेगाच्या वाहनाला मात्र सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे ज्या जागी पहिले वाहन पूर्ण थांबलेले असते, त्या जागी दुसऱ्याचा ब्रेक नुकता लागत असतो आणि ते जवळपास पूर्ण वेगाने त्या मुलावर आदळते.

आघाताची शक्तीही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. याच कारणास्तव, जेथे पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही वेगमर्यादा असावी, अशी भूमिका २०२० च्या स्टॉकहोम येथील जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या घोषणापत्रात घेण्यात आली.

रस्ता की अंगण ?

वस्तीतील रस्ता वाहनांसाठी आहे की तेथे राहणाऱ्यांसाठी, हा वाद आजचा नव्हे. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांच्या पुढाकारातून आणि नगरपालिकेच्या साहाय्याने काही रस्त्यांचे स्वरूपच पालटण्यात आले. पदपथ व वाहनमार्ग यांतील उंचवट्याचा भेद काढून टाकला, झाडे व बाके यांची मांडणी अशी केली की वाहनास वळसे घेत सावकाशच जावे लागावे. अशा रस्त्यांना तेथे ‘वूनएर्फ’ असे नाव पडले. आपल्याकडे त्याला राहते अंगण म्हणता येईल. १९७६ मध्ये हॉलंडने या कल्पनेस कायद्याचे अधिष्ठान दिले. अशा रस्त्यावर पादचाऱ्याला संपूर्ण रुंदीत वावरण्याचा हक्क असतो आणि वाहनाने त्याच्या चालीने जायचे असते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाशास्त्रज्ञाने याच सुमारास तीन सारख्या निवासी रस्त्यांचा अभ्यास केला. एकावरून दररोज सुमारे २ हजार, दुसऱ्यावरून ८ हजार आणि तिसऱ्यावरून १६ हजार वाहने जात. कमी रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर हे प्रमाण एकापेक्षाही कमी भरले. रहदारी वाढली की माणसे घराच्या मागील खोल्यांत सरकतात, ओट्यावरच्या गप्पा बंद होतात आणि शेजार विरळ होतो, असे या अभ्यासाने दाखवून दिले. हे निष्कर्ष मांडणारा त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अथेन्स येथे एका भरधाव मोटारीच्या धडकेने ॲपलयार्ड यांचा मृत्यू झाला.

गतिरोधकाचे शास्त्र

गतिरोधक म्हणजे रस्त्यावर घातलेला कोणताही उंचवटा, असा सार्वत्रिक समज आहे. या समजामुळेच पुष्कळसे वाद उद्भवतात. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात वाहनांचा वेग रोखण्यासाठी उंचवटे तयार केले होते. त्यानंतर ब्रिटनच्या परिवहन व रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स या संशोधकाने निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांची चाचणी घेऊन १९७३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ३.७ मीटर लांब व १० सेंटिमीटर उंच असा पसरट, गोलाकार उंचवटा त्यांनी सुचविला.

अरुंद आणि उभट उंचवट्यावरून वाहन वेगाने गेले, तर दणका चाके व स्प्रिंगा झेलतात आणि आत बसलेल्याला तो फारसा जाणवत नाही. सावकाश जाणाऱ्या सायकलस्वाराला किंवा बैलगाडीवाल्याला मात्र तोच उंचवटा हाडे खिळखिळी करणारा वाटतो. पसरट उंचवट्याचे याउलट असते. त्यावरून हळू जाणाऱ्याला काहीच त्रास होत नाही आणि वेग वाढेल तसा धक्काही वाढतो. म्हणजे अरुंद उंचवटा नियम पाळणाऱ्याला शिक्षा करतो, पसरट उंचवटा नियम मोडणाऱ्याला.

भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. १७ मीटर त्रिज्येचा वर्तुळखंड, वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांबी आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंची असे प्रमाण त्यांत दिलेले आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने सर्वसाधारण वाहन त्यावरून सुखरूप जावे, हा त्यामागील हेतू. एकापाठोपाठ गतिरोधक घालायचे झाल्यास त्यांत १०० ते १२० मीटर अंतर राखावे, त्यांवर रात्रीही दिसतील असे पट्टे रंगवावेत आणि ४० मीटर आधी सूचनाफलक लावावा, असेही त्यांत नमूद आहे. २०१८ मध्ये या तत्त्वांची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात केवळ गतिरोधकच नव्हे, तर वेगाला आळा घालणाऱ्या इतर उपायांचाही विचार केलेला आहे.

प्रत्यक्षात काय आढळते ? एखादा अपघात होतो, लोक संतप्त होतात आणि रातोरात खडी, मुरूम वा सिमेंट टाकून रस्त्यावर आडवा बांध घातला जातो. त्याला माप नसते, रंग नसतो, फलक नसतो. दिव्यांचा उजेड नसलेल्या रस्त्यावर दुचाकीस्वार त्यावर आदळतो आणि मागे बसलेली व्यक्ती खाली पडते. मुलांच्या रक्षणासाठी घातलेला बांध अशा वेळी कुणा दुसऱ्याच्या मुलाचा घात करतो. अशा अपघातांची दखल घेऊन केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक हटविण्याचे निर्देश दिले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत विहित निकष न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

वस्तीत वेगाला आळा घालण्याचा प्रस्ताव आला की विरोधाचे काही मुद्दे हमखास पुढे येतात. ते निराधार असतात असे मानून चालणार नाही.

पहिला मुद्दा रुग्णवाहिका व अग्निशामक बंबांचा. प्रत्येक गतिरोधकापाशी अशा वाहनाचा काही सेकंदांचा वेळ जातो. एकाच रस्त्यावर आठ-दहा गतिरोधक असतील तर हा विलंब नगण्य राहत नाही आणि रुग्णाला बसणारे हिसके निराळेच. यावर उपाय म्हणजे दवाखाना व अग्निशमन केंद्राकडे जाणारे मुख्य मार्ग आधीच निश्चित करून त्यांवर उंचवटे न घालणे आणि तेथे वेगनियंत्रणासाठी अन्य मार्ग अवलंबिणे.

दुसरा मुद्दा आवाजाचा. रिकामी मालमोटार किंवा उसाची जोडट्रॉली उंचवट्यावरून गेली की होणारा खडखडाट लगतच्या घरात स्पष्ट ऐकू येतो. ज्याच्या दाराशी गतिरोधक येतो, त्याला लाभाबरोबर हा त्रासही सोसावा लागतो. शाळेपासून शे-दोनशे मीटरवर राहणारे मात्र केवळ लाभाचे धनी होतात. म्हणून जागा ठरविताना लगतच्या घरमालकांना विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एका गल्लीत अडथळा आला की वाहने शेजारच्या गल्लीत वळतात. आपल्या अंगणातील पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडल्यासारखाच हा प्रकार होय. एकेका गल्लीचा स्वतंत्र विचार केला तर तंटा अटळ ठरतो. संपूर्ण वस्तीचा नकाशा समोर ठेवूनच निर्णय घेणे इष्ट.

समर्थकांचे म्हणणेही तितकेच सबळ आहे. वेगमर्यादेचा फलक लावून भागत नाही, कारण प्रत्येक फलकापाशी पोलीस उभा करणे शक्य नसते. रस्त्याची रचनाच अशी असावी की चालकाला सावकाश जाणे स्वाभाविक वाटावे. मूल चुकले तर त्याची किंमत त्याने प्राणाने मोजू नये, ही त्यांची मागणी कोणत्याही विवेकी माणसाला अमान्य करता येणार नाही.

दोन शहरांचा अनुभव

अमेरिकेतील बर्कली शहराने १९७५ मध्ये निवासी भागांतून आरपार जाणारी रहदारी रोखण्यासाठी अनेक चौकांत तिरपे अडथळे उभारले. त्यासाठी काँक्रीटच्या मोठ्या कुंड्या व खांब वापरले. रहिवाशांचा एक गट संतुष्ट झाला, दुसरा संतापला. हे अडथळे काढून टाकावेत, असा प्रस्ताव नागरिकांच्या मतास दोन वेळा टाकण्यात आला आणि दोन्ही वेळा तो नामंजूर झाला. प्रकरण न्यायालयात गेले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या कायद्यानुसार असे अडथळे घालण्याचा अधिकार शहराला नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात बदल केला आणि अडथळे टिकले. लोकमत अनुकूल असूनही कायद्याचा आधार कच्चा असेल तर योजना कशी अडचणीत येते, याचे हे उदाहरण आहे.

लंडनमधील अनुभव अगदी अलीकडचा आहे. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात तेथील अनेक स्थानिक परिषदांनी निवासी वस्त्यांत कुंड्या व कॅमेरे बसवून बाहेरच्या वाहनांना आरपार जाण्यास मनाई केली. प्रायोगिक आदेश जास्तीत जास्त १८ महिन्यांपर्यंत लागू ठेवता येतो. त्याचा आधार घेऊन पुष्कळ ठिकाणी आधी अंमल व मग विचारविनिमय, असा क्रम अवलंबिला गेला. या वस्त्यांच्या आतील रस्त्यांवर अपघाती इजा जवळपास निम्म्यावर आल्या आणि सीमेवरील रस्त्यांवर त्या वाढल्याचा पुरावा नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तरीही विरोध शमला नाही. ईलिंग परिषदेने रहिवाशांचा कौल घेतल्यावर त्याच वर्षी आपल्या बहुतेक योजना मागे घेतल्या. वेस्ट डलिच भागातील योजनेविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. त्यांनी सादर केलेल्या सविस्तर निवेदनाचा लॅम्बेथ परिषदेने योग्य विचार केला नाही, या कारणास्तव मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती योजना बेकायदा ठरविली.

येथे योजना निरुपयोगी आहे असे न्यायालयाने म्हटले नव्हते. ज्यांच्या दारातील रस्ता बदलला त्यांचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही, एवढाच दोष होता आणि तेवढ्यानेच ती रद्द झाली.

निर्णयाची रीत

आपल्याकडे सर्वप्रथम पाहावयाचे ते रस्त्याचे स्वामित्व. गावातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे, ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. गावातून राज्यमार्ग जात असेल तर ग्रामसभेचा ठराव ही विनंती ठरते, परवानगी नव्हे. गुंतागुंतीची प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे मांडता येतात.

यानंतर वस्तुस्थिती मोजावी. “वाहने फार जोरात जातात” हे विधान वादाला निमंत्रण देते. मोजलेल्या आकड्याने चर्चेला आधार मिळतो. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. रस्त्याच्या कडेला चुन्याने ५० मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात. हे अंतर कापण्यास वाहनाला ६ सेकंद लागले तर त्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असतो. साडेचार सेकंद लागले तर ४० आणि ३.६ सेकंद लागले तर ५० किलोमीटर. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून शंभर वाहनांची नोंद सहज करता येईल. शंभरांपैकी पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग अभियंते आधारभूत धरतात. गणिताचा तास आणि गावाचे काम अशा रीतीने एकत्र साधते.

तिसरी पायरी म्हणजे पर्यायांचा विचार. प्रत्येक दुखण्यावर गतिरोधक हेच औषध नव्हे. शाळेसमोर पादचाऱ्यांना ओलांडण्यासाठी पदपथाच्या पातळीचा सपाट, उंच पट्टा करता येतो. चौकात छोटे वर्तुळ उभारता येते. रस्त्याच्या दोन्ही कडा काही अंतर आत घेऊन तो अरुंद करता येतो. कित्येक ठिकाणी वळणावरील झुडपे तोडणे, दिवा लावणे किंवा शाळेचे फाटक आतल्या रस्त्याकडे वळविणे पुरेसे होते. आवाज करणाऱ्या आडव्या पट्ट्या वस्तीबाहेर चालकाला सावध करण्यास योग्य, घरांना लागून त्या घालू नयेत.

चौथी पायरी प्रयोगाची. कायम बांधकाम करण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्यांच्या संमतीने, फलक व प्रकाशपरावर्तक लावून काही महिने तात्पुरती व्यवस्था करावी. प्रयोगाची मुदत, कोणत्या गोष्टी मोजल्या जातील आणि कोणत्या निष्कर्षावर व्यवस्था कायम होईल किंवा काढली जाईल, हे आरंभीच लेखी जाहीर करावे. शेजारच्या रस्त्यांवरील वाहनेही आधी व नंतर मोजावीत, म्हणजे एकाचा त्रास दुसऱ्याच्या माथी गेला का, हे कळून येईल.

शेवटी, ग्रामसभेत अथवा प्रभागाच्या बैठकीत कोणाला बोलावले जाते याकडे लक्ष द्यावे. सभेत बहुधा वाहन चालविणारे पुरुष बोलतात. पाणी आणणाऱ्या स्त्रिया, शाळेत पायी जाणारी मुले आणि काठी टेकत देवळात जाणारे वृद्ध यांचे म्हणणे इतिवृत्तात क्वचितच येते, वास्तविक रस्त्याच्या कडेने चालणारे तेच असतात. त्याचप्रमाणे रिक्षावाले, दूधवाले, एस. टी. चे चालक आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांनाही विचारावे. विरोधकांचे निवेदन आले तर त्यातील प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यावे. ते मान्य झाले नाही तरी चालेल, पण त्याची नोंद व्हावयास हवी.

गतिरोधक झाल्यावर काम संपत नाही. पावसाळ्यात रंग उडतो, डांबराचा नवा थर चढला की आकार बदलतो, फलक वाकतो. रंग उडालेला गतिरोधक हा अंधारातील खड्ड्याइतकाच घातक असतो. वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, त्यांची तपासणी करण्याची जबाबदारी ठरावातच नावानिशी सोपविली पाहिजे.

मतभेद हे गाव जागे असल्याचे लक्षण होय. ते मोजमाप, नियम आणि खुली चर्चा यांच्या आधारे सोडविले, तर गतिरोधक जेथे खरोखर हवा तेथे योग्य मापाचा होईल आणि जेथे नको तेथे दुसरा उपाय सापडेल. रातोरात घातलेले मातीचे बांध मात्र कोणाचेच रक्षण करीत नाहीत. आपल्या हद्दीत असे किती आहेत, त्यांची यादी करण्यापासून प्रत्येक पंचायतीला व नगरपालिकेला या कामाची सुरुवात करता येईल.